पाणी कुठे जाईल?

पाटबंधारे खात्यात 34 वर्षं काढली, म्हणजे 34 वर्षं उतार मोजले. मोठ्या कालव्याला 5,000 मीटरला एखादा मीटर उतार द्यायचा. कमी दिला तर गाळ बसतो, जास्त दिला तर पाणी काठ खातं. इतकं सगळं करून आमच्या पुण्याच्या फ्लॅटमधल्या बाथरूमचं पाणी जाळीकडे जात नाही, समोरच्या कोपऱ्यात साचतं. हा विषय घरात वर्षातून चारदा तरी निघतो. "अहो, एवढे कालवे बांधलेत..." एवढंच म्हणून ही थांबते. पुढचं मला पाठ आहे.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ ह्या माजात आहे.

2025 च्या सप्टेंबरात आम्ही मुलाकडे पिट्सबर्गला होतो. तिथे गेलेल्या मराठी आईबापांचा कार्यक्रम ठरलेला असतो: पेन हिल्सच्या टेकडीवरचं व्यंकटेश्वराचं देऊळ, देवळाच्या तळघरातला चिंचेचा भात, नद्यांचा संगम, पूल, पुन्हा देऊळ. त्या देवळापासून गाडीने थोडक्याच अंतरावर ओकमाँटचं गोल्फचं मैदान आहे, हे मला माहीत होतं. जाता-येता मी मुलाला दोनदा ते सांगितलंही. अगदी सहज. मुलाला बापाचं 'सहज' कळतं. त्याच्या ऑफिसातल्या साहेबांचे सासरे त्या क्लबचे सभासद निघाले, आणि एका शुक्रवारी रात्री निरोप आला, सकाळी साडेआठला या.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी सांगतो. ओकमाँटला असं पैसे भरून खेळता येत नाही. सभासदाने बोलवावं लागतं आणि त्याच्या सोबतीनेच खेळायचं. म्हणजे कुणाच्या तरी घरी पहिल्यांदा जेवायला जावं तसं. चपला कुठे काढायच्या इथपासून धाकधूक. ही म्हणाली, "काही न्यायला नको का हातात?" मग पुण्याहून आणलेल्या बाकरवडीचं एक पाकीट घेऊन मी अमेरिकेतल्या सर्वांत अवघड समजल्या जाणाऱ्या मैदानावर गेलो.

माझी पात्रता काय? पन्नाशीनंतर फौजेतल्या एका मित्राने नादी लावलं. छावणीतलं नऊ होलचं मैदान, एप्रिल-मेमध्ये पार खरवडलेलं. तिथे ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, नव्हतेच, 'ब्राऊन' होते. वाळूत जुनं ऑइल कालवून चोपलेलं एक वर्तुळ आणि मधोमध भोक. त्यावर चेंडू ढकलला की थोडा जातो, दमतो, बसतो. पुढे गवताच्या ग्रीनवरही खेळलो, पण हात घडला तो ब्राऊनवर. हँडिकॅप 24. म्हणजे शहाण्या माणसाला जिथे 72 फटके लागावेत तिथे मला 96, तेही ग्रह चांगले असतील तर.

यजमान अठ्ठ्याहत्तरचे, सडपातळ, कमी बोलणारे. बाकरवडी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. सोबत बॅगा उचलणारे दोन कॅडी, दोघेही कॉलेजातली पोरं. माझ्या वाट्याला आलेला पोरगा विशीतला, तांबूस केसांचा. माझी बॅग त्याने एका खांद्यावर अशी टाकली की मला ती रोज का जड वाटते कळेना.

पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारायचा तिथे, उभं राहिलं की पहिला धक्का बसतो तो मोकळेपणाचा. झाडं नाहीत. तळं नाही. नजर पोचेल तिथपर्यंत गवताच्या लाटा. एका वेळी दहा-बारा झेंडे दिसतात. अवघड म्हणजे काहीतरी दडलेलं, गुंतागुंतीचं असणार अशी आपली समजूत असते. इथे काहीच लपवलेलं नाही.

हे मैदान केलं हेन्री फाउन्सने, 1903 साली. पोलादाच्या धंद्यात पैसा केलेला माणूस. आयुष्यात एवढं एकच मैदान आखलं. मग त्याच्या मुलाने, विल्यमने, ते आणखी छळवादी केलं. वाईट मारलेला फटका कायमचाच हातचा गेला पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. कुणा सभासदाचा चुकलेला चेंडू शिक्षेविना सुटला, तर दुसऱ्या दिवशी तिथे नवा बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, खणायला घ्यायचा असं सांगतात. आमच्या खात्यात असा एक कार्यकारी अभियंता होता, त्यामुळे मला ही गोष्ट खरी वाटते. मधल्या काळात कुणाला तरी सौंदर्यदृष्टी सुचली आणि हजारो झाडं लावली गेली. मग 1990 च्या दशकात ती पाडायला सुरुवात झाली, तीही पहाटेच्या अंधारात, चोरून, सभासद उठायच्या आत. उजाडेपर्यंत बुंधा बुजवून वर हिरवळ. बरेच दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही म्हणे. लक्षात आल्यावर मात्र जे झालं ते आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीच्या सभेत बसलेल्याला वेगळं सांगायला नको.

माझा पहिला फटका बरा गेला. दुसरा बरा. तिसऱ्याला मी ग्रीनवर होतो आणि मनात म्हटलं, एवढं काही नाही.

आता समोर पंचवीसेक फुटांवर भोक. मी खाली बसलो, एक डोळा मिटला, उतार वाचला. माझ्या नजरेला जमीन समोर चढत होती. कॅडी म्हणाला, "सर, ही पलीकडे उतरते. नुसता स्पर्श करा." मी हसलो. 34 वर्षं, बाळा. चढ आहे म्हणून जरा दाबून मारला.

चेंडू भोकाजवळून गेला तेव्हा घाईत नव्हता. नंतर त्याला काहीतरी आठवलं. तो ग्रीन ओलांडून, कडेचं गवत ओलांडून, मागच्या उतारावरून खाली गेला आणि दिसेनासा झाला. यजमान आकाशाकडे बघत होते. हे ग्रीन पुढून मागे उतरतं. बाकी दुनियेत बहुतेक ग्रीन खेळणाऱ्याकडे झुकलेली असतात, चेंडू झेलायला ओंजळ धरावी तशी. ओकमाँटचं पहिलं, दहावं, बारावं ही पाठ फिरवून बसलेली. मूळची जमीन तशी होती, फाउन्सने ती तशीच ठेवली.

इथल्या ग्रीनच्या वेगातून एक उपकरण जन्माला आलंय. 1935 ची यूएस ओपन, अमेरिकेतली गोल्फची मोठी स्पर्धा, इथे झाली. जीन सॅराझनसारख्या कसलेल्या खेळाडूचा पट (ग्रीनवर चेंडू भोकाकडे ढकलायचा फटका) ग्रीनवरून घरंगळत थेट बंकरात गेला, आणि ते बघणाऱ्या एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या हौशी खेळाडूला वाटलं, हा वेग मोजायलाच हवा. त्याने लाकडाची पन्हळ केली. हल्लीची अॅल्युमिनियमची असते, 36 इंच लांब. खाचेत चेंडू ठेवायचा, पन्हळ हळूहळू उचलायची. साधारण 20 अंशांना चेंडू आपण होऊन सुटतो. तो जितके फूट गेला तितका ग्रीनचा वेग. झालं. ना बॅटरी, ना टेंडर. अशी सुटसुटीत चीज आमच्या खात्यातून का निघाली नाही, ह्याचं मला वाईट वाटलं. मोठ्या स्पर्धेत इथे हा आकडा 14 च्या आसपास जातो. स्पर्धा आली की आम्हांला ग्रीन मुद्दाम मंद करावी लागतात, असं इथले सभासद अभिमानाने सांगतात. यजमानांनीही सांगितलं. दिवसभरातलं त्यांचं सगळ्यांत लांब वाक्य ते.

पहिला होल संपला की पुलावरून पलीकडे जायचं. खालून पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक हा महामार्ग जातो, ट्रकमागून ट्रक. दोन ते आठ हे होल रस्त्याच्या त्या बाजूला. त्या ट्रकवाल्यांना वर काय चाललंय ह्याचा पत्ताही नसेल. पुलावर मी क्षणभर थांबलो, तो ट्रक बघायला नव्हे. दुसऱ्या ग्रीनवरही चार पट लागले तर तोंड कसं दाखवायचं, ह्या विचारात. लागले.

तिसऱ्यावर ते प्रसिद्ध चर्च प्यूज. तिसऱ्या आणि चौथ्या फेअरवेच्या, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतच्या गवताच्या पट्ट्यांच्या, मध्ये पसरलेला अवाढव्य बंकर. त्यात वाळू आणि वाळूतून गवताचे आडवे वरंबे, डझनभर, चर्चमधल्या बाकांसारखे एकामागे एक. लोक फोटोत बघून घाबरतात. मला मात्र बघताक्षणी ओळखीचं वाटलं. सलग समतल चर! पाणलोटाच्या कामात डोंगरउतारावर आपण काढतो तेच. पाणी अडवा, पाणी जिरवा. माझा चेंडू गेला, अडला आणि जिरला. दोन बाकांच्या मधल्या खोबणीत. पुढे मारावा तर वरंबा, मागे मारावा तर वरंबा. चार फटक्यांनी बाहेर आलो तेव्हा माझ्या कानात वाळू होती. कॅडीने शांतपणे दाताळं फिरवून माझ्या सगळ्या खुणा पुसल्या. एके काळी इथे जड दात्यांचं दाताळं वापरून वाळूत मुद्दाम सऱ्या पाडत, चेंडू सरीत बसावा म्हणून. तरी समाधान नव्हतं.

आठवा होल सोडून देतो. एवढंच सांगतो की त्याचा पार, म्हणजे ठरलेले फटके, तीन आहे, म्हणजे एका फटक्यात ग्रीन गाठायचं, आणि 2007 च्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी तो 300 यार्डांचा होता. मला 300 यार्डांना रिक्षा लागते.

बारा की तेराव्या ग्रीनवर ती गोष्ट घडली. मी पुन्हा खाली बसून एक डोळा मिटत होतो. तोवर मी धावसंख्या मोजणं सोडलं होतं. कॅडी जरा अवघडून म्हणाला, "सर, डोळ्यांनी बघू नका. इथे सगळी टेकडीच नदीकडे कललेली आहे, त्यामुळे डोळ्याला सपाट काय तेच समजत नाही. पाय फाकून उभे राहा. कुठल्या पायावर वजन जास्त येतंय?"

मी उभा राहिलो. उजव्या.

आणि मला आमचा म्हातारा चेनमन, मोजणीची साखळी धरणारा, आठवला. सही म्हणून अंगठा उठवणारा माणूस. मी नवा उपअभियंता, डंपी लेव्हल, म्हणजे उंचसखलपणा मोजायची दुर्बीण, तिपाईवर चढवून स्क्रू फिरवत बसायचो. तोवर तो बाजूला वहाणा काढून नुसता उभा राहायचा. मग सांगायचा, "सायेब, पानी हिकडं न्हाई येनार. तिकडं जाईल." एकदा एका चारीच्या आखणीत त्याचं आणि माझ्या लेव्हल बुकाचं जमलं नाही. मी अर्थातच बुक खरं धरलं. वाचन घेताना स्टाफवरचा, म्हणजे मोजपट्टीच्या उंच काठीवरचा, एक आकडा चुकून उतरवला होता, हे पाणी सोडल्यावर समजलं. शेतकरी बांधावर उभे होते आणि पाणी आलं तसं उलटं निघालं. चेनमन काही बोलला नाही. त्याने तंबाखू मळली. ते मळणं मी अजून विसरलेलो नाही.

तर तिथे, पिट्सबर्गच्या त्या माळावर, एक विशीतला पोरगा मला माझ्याच पायांवर उभं राहायला शिकवत होता. पुढचे सगळे होल मी त्याचं ऐकलं. तीन पट लागायचे तिथे दोन लागायला लागले असं काही झालं नाही. चार लागायचे तिथे तीन लागले. यजमान मात्र प्रत्येक ग्रीनवर दोन पट मारून, टोपी सारखी करून पुढे. 1962 ला इथे जॅक निकलॉसने प्लेऑफ धरून 90 होल खेळले आणि त्यांत फक्त एकदाच तीन पट घेतले. हे वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. त्याने हरवलं आर्नल्ड पामरला. पामर जवळच्याच लॅट्रोबचा, घरचा पोरगा. इथल्या म्हाताऱ्यांना ते अजून लागतं, यजमानांच्या चेहऱ्यावरून कळलं.

अठराव्या ग्रीनवर, क्लबहाउसच्या समोर, पोरगा थांबला. त्याच्या तीनच महिने आधी, जून 2025 ला, इथेच जे. जे. स्पॉनने भर पावसानंतर शेवटचा 64 फुटांचा पट टाकला आणि यूएस ओपन जिंकली. चार दिवसांत पारच्या खाली संपवणारा तो एकटा, तोही फक्त एकाने. "कुठून मारला?" मी विचारलं. पोरगा चालत गेला, चालतच राहिला, आणि पार लांब जाऊन हात वर केला. चारीच्या पलीकडच्या टोकाला स्टाफ धरून चेनमन उभा राहावा तसा.

माझा स्वतःचा पट वीसेक फुटांचा. पाय फाकले. डावा पाय जड. पोरगाही तेच म्हणाला. रेषा त्याने दाखवली, मी मान डोलावली, मारला. चेंडू वळला, हवा तसा वळला, आणि भोकाच्या वीतभर अलीकडे थांबला. पहिल्या होलपासून दिवसभर लांब जाणारा मी शेवटी घाबरून आखूड मारला होता.

"रेषा बरोबर होती, सर," पोरगा म्हणाला.

यजमानांनी हात मिळवला. बाकरवडीचं पाकीट त्यांनी मधल्या वेळात फोडलं होतं, निम्मं संपलं होतं. मैदानाचा खर्च त्यांचा, कॅडीची बक्षिसी माझी. ती देताना मी नेहमीपेक्षा जास्त दिली आणि का दिली ते त्याला इंग्रजीत सांगता आलं नाही. चेनमनला इंग्रजीत काय म्हणतात? चेनमनच.

पुण्याला परत आल्यावर तिसऱ्या का चौथ्या दिवशी, दुपारी, मी बाथरूममध्ये अनवाणी उभा होतो. पाय फाकून, डोळे मिटून. उजव्या पायावर वजन येत होतं. जाळी डावीकडे. खिशात ओकमाँटचं चिन्ह असलेला चेंडू होता, तो उंबऱ्याशी ठेवून हलकेच सोडला. तो निघाला, जाळीच्या रोखाने बराच गेला, वीतभर अलीकडे रेंगाळला आणि मग वळून कोपऱ्यात जाऊन बसला.

दारातून आवाज आला, "सापडलं का, कुठे जातंय ते?"