९९ नंतर काय?

बाबा महिनाभरासाठी सिंगापूरला आले आणि पहिल्याच रविवारी मी त्यांना 'पिनॅकल ॲट डक्स्टन' दाखवायला नेलं. जरा मिरवायचंच होतं. १९६० च्या दशकातल्या दोन जुन्या सरकारी इमारती पाडून तिथे २००९ मध्ये ५० मजल्यांचे ७ टॉवर उभे राहिले. १,८४८ घरं, सगळी सरकारी. पन्नासाव्या मजल्यावर सातही टॉवर जोडणारा पूल आहे, ६ डॉलर भरून कोणीही जाऊ शकतं. बाबांनी आधी रुपयांत हिशोब केला. "गच्चीवर जायचे चारशे?"

वर वारा खात म्हणाले, "घरं यांच्या मालकीची?"

"९९ वर्षांच्या लीजवर. आमचंही तसंच."

"आणि ९९ नंतर?"

"परत सरकारकडे. तेव्हा आपण कोणीच नसू, बाबा."

"आपल्या बीडीडी चाळीला शंभर वर्षं झाली. आम्ही होतोच की!"

हे मला लागलं. आमची वरळीच्या बीडीडीतली खोली १६० चौरस फुटांची. आजोबा, बाबा, मी, तिसरी पिढी तिथेच. चाळीच्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये ज्या ५५६ कुटुंबांना टॉवरच्या चाव्या मिळाल्या, त्यांत आम्ही होतो. ५०० चौरस फूट, मालकीचं, तेही फुकट. आणि मी इथे हप्ते भरून जे घेतलंय, त्याची तारीख कागदावर लिहिलेली.

तेव्हापासून ही लीज डोक्यातून जात नाहीये. इथल्याच गेलांग भागात १९१ बैठी घरं होती, ६० वर्षांच्या लीजवर. ३१ डिसेंबर २०२० ला मुदत संपली, घरं सरकारकडे गेली, भरपाई शून्य. मोर्चा नाही, स्टे नाही. आमचा बिशानचा फ्लॅट रीसेलचा, ६२ वर्षं उरलेली. घेताना सीपीएफचा, म्हणजे इथल्या पीएफचा, पैसा पूर्ण वापरायचा, तर घेणाऱ्यांतल्या सगळ्यात लहान माणसाचं वय आणि उरलेली लीज मिळून निदान ९५ भरायला हवं. बायको ३५ ची, बेरीज ९७, सुटलो. म्हणजे आम्ही मरेपर्यंत घर पुरेल ना, हे सरकारने आधीच मोजलंय. याला काळजी म्हणायची की आगाऊपणा, माझं अजून ठरत नाही.

पण मालकीचं कौतुक करणाऱ्यांनी पॅसेजच्या टोकाला बादली घेऊन रांगेत उभं राहून बघावं. भूमिपूजन २०१७ चं, चावी आठ वर्षांनी. इथे निवडक जुन्या इमारती पाडतात तेव्हा बाजारभावाने भरपाई मिळते, जवळच नवं घर घेता येतं, लीज पुन्हा ९९ पासून. आता असं नशीब फार थोड्या इमारतींच्या वाट्याला येतं, हे बाबांना सांगायचं मी टाळलं.

खाली उतरेपर्यंत त्यांनी चाळीच्या ग्रुपवर टॉवरचा फोटो टाकलाही होता. खाली लिहिलं होतं, 'मुलाचं घर'. आम्ही राहतो बिशानला, तेराव्या मजल्यावर. मी काही बोललो नाही.