तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रोन एकमेकांवर का आपटत नाहीत?

रंकाळ्यावर फिरायला गेले की ओळखीचं कुणीतरी गाठतंच. "दिल्लीत हजार ड्रोन उडाले, एकमेकांना शिवलेसुद्धा नाहीत. तुमचे फवारणीचे चार उडवायला एवढा वेळ का?"

2022 च्या बीटिंग रिट्रीटमधला तो खेळ देखणाच होता. पण तशा खेळात प्रत्येकाची वाट आधी आखलेली असते. शेजारून कोण चाललंय याच्याशी ड्रोनला घेणंदेणं नसतं. आमच्या ड्रोननी वाट स्वतः काढायची, तीही वाऱ्यात. पायवाटेवर समोरासमोर आलेली माणसं एकाच बाजूला सरतात आणि पुन्हा आडवी येतात, तसंच त्यांचंही होतं. म्हणून टाळण्याचं काम दोघांनी निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं, हे गणित आता रुळलंय. पण त्यासाठी समोरचा कुठं आहे, किती वेगानं येतोय हे कळायला हवं, आणि ते येतं रेडिओवरून.

शिरोळकडं ऊस तुटून गेलेल्या रानात चाचणी होती. दोन ड्रोन सेकंदाला पाच-पाच मीटरनं समोरासमोर. निरोप अर्धा सेकंद उशिरा पोचला. तेवढ्यात मधलं अंतर पाच मीटरनं घटलं होतं. एकाचं पातं दुसऱ्याच्या दांडीत घुसलं, दोन्ही पाचटात कोसळले. एकाची बॅटरी फुगली, फसफसत पेटली आणि वाळल्या पाचटानं लगेच धरलं. रान ज्यांचं ते आबा ओलं पोतं घेऊन धावले, आम्ही माती ओढत होतो. आग विझल्यावर आबा ओरडले नाहीत. बांधापलीकडच्या उभ्या उसाकडं बघत एवढंच म्हणाले, "तिकडं पडलं असतं तर पोरी, मी त्याला काय तोंड दाखवलं असतं?"

"यंत्र आहे, व्हायचंच" म्हणणाऱ्यांचा तेव्हापासून मला राग येतो.

पूर्वी मी ठासून सांगायचे: रेडिओ सोडा, ड्रोनला डोळे द्या. चीनच्या झेजियांग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 मध्ये दहा छोटे ड्रोन स्वतःच्याच कॅमेऱ्यांवर बांबूच्या बनातून नेऊन दाखवले. पण त्यांनीही आपापले मार्ग एकमेकांना कळवलेच. रेडिओ काही सुटला नाही. आणि फवारणीच्या तुषारांत कॅमेऱ्याची काच किती वेळ स्वच्छ राहणार? तरी डोळ्यांचं म्हणणं मला आजही पटतं.

सध्या निरोप जितका जुना, तितकं अंतर जास्त ठेवतो. एकाच्या खाली दुसरा कधीच नाही, कारण वरच्याच्या पात्यांची हवा खालच्याला दाबते. वेळ जातो, पैसे जातात, मान्य. सोबतची पोरं म्हणतात, ताई घाबरल्या. असेल. अंतर कमी करायला मी अजून तयार नाही.