बेसवाला

कॅसेट भरून मिळायच्या त्या दिवसांतली गोष्ट. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दुकानात द्यायची, चार-पाच दिवसांनी आणायला जायचं. यादीतलं एखादं गाणं दुकानदाराकडे नसलं की त्या जागी तो स्वतःच्या पसंतीचं काहीतरी भरून टाकायचा आणि विचारलं तर म्हणायचा, "ऐकून तर बघ." अशाच एका 'ऐकून तर बघ'मधून माझ्याकडे 'लव्ह हर्ट्स' आलं. पुढच्या खेपेला मी त्या बँडची अख्खी कॅसेट भरून घेतली. कागदावर दुकानदाराने निळ्या बॉलपेनने ठसठशीत लिहिलं होतं : नाझरेथ.

आमच्या शेजारच्या काकू दर रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या. त्यांनी ते वाचलं. "नासरेथ म्हण रे, नासरेथ. प्रभूचं गाव ते. भक्तिगीतं आहेत का? दे की मला ऐकायला." नाही म्हणायची हिंमत झाली नाही. दोन दिवस जीव मुठीत धरून बसलो. तिसऱ्या दिवशी काकूंनी कॅसेट परत आणून दिली. म्हणाल्या, "इंग्रजी काही कळलं नाही बाबा. पण गाणारा फार दुःखात दिसतो बिचारा. मी प्रार्थना केलीय त्याच्यासाठी."

तो गाणारा म्हणजे डॅन मॅकॅफर्टी. घशात वाळू भरल्यासारखा आवाज. आणि काकूंचा अंदाज एका समुद्राने चुकला होता, कारण बँडचं नाव प्रभूच्या गावावरून नव्हे, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथवरून आलेलं. मार्टिन कंपनीच्या गिटारी जिथे बनतात ते गाव. 'द बँड' नावाच्या बँडच्या एका गाण्यात सुरुवातीलाच त्या गावाचं नाव येतं, तिथून या पोरांनी ते उचललं.

पोरं होती स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनची. हे गाव एकेकाळी स्कॉटलंडच्या राजांचं. रॉबर्ट द ब्रूस इथल्या मठात पुरलेला आहे, आणि पुढे अमेरिकेत पोलादाचा सम्राट झालेला अँड्र्यू कार्नेगी इथल्याच एका विणकराच्या घरात १८३५ साली जन्मला. पण १९६०च्या दशकातल्या पोरांना राजेही नको होते आणि पोलादही. त्यांचा 'द शेडेट्स' नावाचा वाद्यवृंद होता. लोकांना नाचायला लागतात ती इतरांची गाजलेली गाणी ते नाचघरांत वाजवायचे. आपल्याकडच्या गणपतीतल्या ऑर्केस्ट्राची स्कॉटिश आवृत्ती म्हणायला हरकत नाही. १९६८ मध्ये त्यातूनच नाझरेथ उभा राहिला. गायला डॅन, गिटारवर मॅनी चार्ल्टन, ड्रम्सवर डॅरेल स्वीट आणि खर्जाचे स्वर धरणाऱ्या बेस गिटारवर पीट ॲग्न्यू.

शेवटचं नाव लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

या चौघांच्या मागे पैशाने उभा राहिला तो बिल फेहिली, बिंगोच्या धंद्यात गब्बर झालेला माणूस. हौझीचे आकडे पुकारून मिळालेल्या पैशांतून हेवी मेटलच्या कारकिर्दी उभ्या राहतात, हे मला अजूनही फार आवडतं. पहिला अल्बम १९७१चा, दुसरा त्याच्या पुढच्या वर्षीचा; दोन्ही फारसे कोणाच्या कानावर गेले नाहीत. मग डीप पर्पल या नावाजलेल्या बँडबरोबर दौरा झाला आणि त्यांचा बेसवाला रॉजर ग्लोव्हर या पोरांचा अल्बम करून द्यायला तयार झाला. १९७३च्या 'रॅझमनॅझ'पासून नाझरेथचा खरा आवाज ऐकू येतो. त्याच वर्षी त्यांनी जोनी मिचेल या गायिकेचं एक हळुवार, गिटारवर गायलेलं गाणं घेतलं आणि त्याला घोड्यासारखं दौडत नेलं. दुसऱ्याचं गाणं घेऊन ते पार आपलं करून टाकायची खोड यांना नाचघरांपासूनच होती. 'लव्ह हर्ट्स'ही मूळ त्यांचं नाही. बूडलो ब्रायंटने लिहिलेलं ते गाणं एव्हरली बंधूंनी १९६० मध्ये गोड, दोन आवाजांत गायलं होतं. नाझरेथच्या हाती आल्यावर त्यातला गोडवा संपला आणि कण्हणं उरलं. अमेरिकेत ते आठव्या क्रमांकापर्यंत गेलं, नॉर्वेत तर वर्षभराहून अधिक काळ यादीतून हललंच नाही. हे त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं, पण त्यांच्या एकूण आरडाओरड्यात ते एखाद्या सभ्य पाहुण्यासारखं अवघडून बसलेलं दिसतं. नाझरेथ म्हणजे काय ते ऐकायचं तर १९७५च्या 'हेअर ऑफ द डॉग'चं शीर्षकगीत ऐकावं. गायींच्या गळ्यातल्या घंटेच्या ठोक्यावर सुरू होणारं आणि थेट शिवीवर जाऊन थांबणारं. ते काकूंना नीट ऐकू आलं नसावं.

१९७६ मध्ये फेहिली विमान अपघातात गेला. आणि १९७८ पासून सुरू झाली ती माणसांची ये-जा. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुन्या संदेशांकडे वर वर जात राहावं आणि गप्पांपेक्षा 'अमुक सामील झाले', 'तमुक बाहेर पडले' याच ओळी जास्त दिसाव्यात, तसा हा इतिहास आहे. आधी दुसरा गिटारवाला म्हणून झॅल क्लेमिनसन आला. हा पूर्वीच्या बँडमध्ये विदूषकासारखा चेहरा रंगवून उभा राहायचा. दोन अल्बम करून तो गेला. मग बिली रँकिन आला, कीबोर्डवर अमेरिकेहून जॉन लॉक आला. लॉक गेला, थोड्या दिवसांनी रँकिनही गेला. मूळ चौघे पुन्हा एकटे उरले. १९९० मध्ये मॅनी चार्ल्टन बाहेर पडला. हा नुसता गिटारवाला नव्हता, 'हेअर ऑफ द डॉग'चा निर्माताही तोच, आणि गन्स अँड रोझेस अजून कोणाला माहीत नसताना १९८६ मध्ये त्यांची कच्ची ध्वनिमुद्रणं करून देणाराही तोच. त्याच्या जागी कोण? पुन्हा बिली रँकिन! नोकरी सोडून गेलेला माणूस काही वर्षांनी त्याच टेबलावर येऊन बसावा तसा. १९९४ मध्ये तो दुसऱ्यांदा गेला आणि जिमी मरिसन आला, तो मात्र टिकला.

३० एप्रिल १९९९. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या न्यू अल्बनी गावी कार्यक्रम होता. कार्यक्रमाआधीच डॅरेल स्वीटला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. वय अवघं ५१. पहिल्या दिवसापासून ड्रम्सवर बसलेला माणूस. त्याच्या जागेवर आला ली ॲग्न्यू, पीटचा मुलगा.

इथे मी पहिल्यांदा थबकलो. म्हणजे बातमी वाचून नव्हे, बातमी मला बऱ्याच वर्षांनी कळली. थबकलो ते आडनावाशी. हा ॲग्न्यू कोण, बापाने पोराला चिकटवलं की काय, अशी अस्सल देशी शंका घेऊन शोधायला लागलो, आणि लक्षात आलं की बापाकडे आपण कधी पाहिलेलंच नाही. पाहिलं नाही ते ठीक; ऐकलंही नाही.

त्याला कारण होतं. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. एवढा खर्ज बाहेर काढायला मोठा पडदा लागतो, भरपूर हवा ढकलावी लागते. आमच्या टू-इन-वनचा, म्हणजे रेडिओ-कॅसेट प्लेअरचा, स्पीकर चहाच्या बशीएवढा. त्यातून डॅनचं कण्हणं यायचं, मॅनीची गिटार यायची, झांजांचा चुरचुराट तर जरुरीपेक्षा जास्त यायचा. पीट ॲग्न्यू त्या बशीतून बाहेरच पडायचा नाही. सगळ्यांची ये-जा पाठ असलेल्या मला, जो कधी कुठे गेलाच नाही तो एकटा माणूस वीस वर्षं ऐकू आला नव्हता.

चांगले हेडफोन घेतल्यावर तो सापडला. 'लव्ह हर्ट्स'मध्ये तर तो इतका कमी वाजवतो की वाटावं, याला पैसे कशाचे मिळाले. एक स्वर, मग थांबणं, मग पुढच्या सुरावर पाय टेकवणं. पण तो ज्या क्षणी पाय टेकतो त्याच क्षणी डॅनचा आवाज वर चढतो, आणि एवढा वर जाऊनही पडेल अशी भीती वाटत नाही. तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्याकडे मैफलीत कोणी पाहत नाही, तो मधेच उठला तर मात्र सगळे वळून पाहतील. आपली नाट्यसृष्टीही अशीच. १९१३ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळी सोडून गेले, त्यावर पानंच्या पानं लिहिली गेली. त्यानंतर किर्लोस्कर मंडळीत कोण राहिलं, रोज संध्याकाळी वाद्यं लावून कोण बसलं, हे किती जणांना सांगता येईल? इतिहासाला दार उघडण्याचा आणि आपटण्याचा आवाज ऐकू येतो.

(माझा भाचा कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवतो. त्याला विचारलं, बेसच का निवडलास. म्हणाला, "निवडला नाही मामा. मी उशिरा पोचलो, तोवर बाकीच्यांनी गिटारी घेतल्या होत्या.")

डॅन आणि पीट दोघेही १९४६चे, एका महिन्याच्या अंतराने जन्मलेले, लहानपणापासूनचे सोबती. फुप्फुसाच्या जुनाट आजाराने डॅनचा श्वास पुरेना झाला. २०१३च्या उन्हाळ्यात एकदा कॅनडात कार्यक्रम अर्धवट राहिला, मग स्वित्झर्लंडमध्ये तीन गाणी झाल्यावर पुढे गाताच येईना. त्याच ऑगस्टमध्ये त्याने दौरे थांबवत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा मला काकूंची प्रार्थना आठवली. बँड बंद होईल असं सगळ्यांनीच धरलं होतं. अशा आवाजाच्या जागी दुसरा माणूस आणणं म्हणजे, स्पष्ट सांगायचं तर, मला पटलं नव्हतं. आधी लिंटन ऑस्बर्न आला, वर्षभरात गेला. मग २०१५ मध्ये वेल्सचा कार्ल सेंटन्स आला. त्याचा आवाज डॅनसारखा नाही आणि तसा आणायचा तो प्रयत्नही करत नाही, हे त्याचं शहाणपण. त्याच्यासह केलेला २०१८चा अल्बम मी रागारागानेच ऐकायला घेतला. दुसऱ्या गाण्यापर्यंत राग टिकला नाही. खाली तोच माणूस वाजवत होता, आणि शेजारी ड्रम्सवर त्याचा मुलगा. बेस आणि ड्रम्स हे बँडमधलं एकत्र कुटुंब असतं, दोघांनी एकमेकांचा श्वास ओळखावा लागतो. चिकटवलं असेल बापाने, पण चिकटलंय पक्कं.

२०२२च्या जुलैत मॅनी चार्ल्टन गेला. नोव्हेंबरच्या ८ तारखेला डॅन. ती बातमी जगाला कळवली पीटनेच, आणि फार थोड्या शब्दांत. मूळ चौघांतला तो एकटा उरला.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना टू-इन-वन खाली आला. पट्टा बदलून घेतला, हेडला स्पिरिट लावलं. कॅसेटवरची निळी शाई पुसट झालीय, 'ना'चा काना तर गेलाच आहे. लावली. फीत ताणली गेल्यामुळे डॅन अर्धा सूर खाली, जरासा झिंगल्यासारखा गात होता. झांजा अजून तशाच चुरचुरत होत्या. पीटचा स्वर येतो ती जागा आता मला पाठ आहे. ती आली तेव्हा मी बशीवर तळहात ठेवला. पत्र्याला अगदी बारीकसा धक्का बसला.