उत्तर पोचलंच नाही तर?

लिफ्टची देखभाल करणारी माणसं दिवसातला बराच वेळ मशीनरूममध्ये, तळघरात नाहीतर लिफ्टच्या खड्ड्यात असतात. रेंज हमखास जाते अशाच या जागा. त्यांच्या कामाच्या नोंदी घेणारं अ‍ॅप मी लिहिते आहे आणि त्यामागचा सर्व्हरही आम्हीच चालवतो: डॉकर कंपोझमध्ये (सर्व्हरचे भाग वेगवेगळ्या कंटेनरांत चालवणारं साधन) पोस्टग्रेस हा डेटाबेस, गो भाषेत लिहिलेला आणि फोनशी बोलणारा एपीआय, फोटोंसाठी वेगळा फाइलसाठा आणि या सगळ्यांपुढे टीएलएस, म्हणजे जोडणीचं कूटीकरण, सांभाळणारा कॅडी हा वेब सर्व्हर.

तयार सेवा असताना स्वतःचं कशाला, असं मला बरेच जण विचारतात. मी त्यांना पार्सची, म्हणजे अ‍ॅपना तयार सर्व्हर पुरवणाऱ्या सेवेची, गोष्ट सांगते. फेसबुकने २०१३ मध्ये पार्स विकत घेतलं, २८ जानेवारी २०१६ ला ते बंद होणार असल्याचं जाहीर झालं आणि ३० जानेवारी २०१७ ला ते बंद झालं. जाण्याआधी पार्स सर्व्हर मुक्तस्रोत केला गेला, ही मोठीच गोष्ट. पण लोकांच्या फोनवर आधीच बसलेल्या अ‍ॅपमध्ये पार्सचाच पत्ता होता. तो बदलायचा तर नवी आवृत्ती काढायची आणि लोक ती कधी घेतात याची वाट बघायची. तेव्हा सर्व्हर भाड्याचा असो की स्वतःच्या कपाटातला, अ‍ॅपमध्ये जाणारा पत्ता आपल्या मालकीच्या डोमेनचाच हवा, यावर मी ठाम आहे.

छोट्या अ‍ॅपला पॉकेटबेस पुरतं. हा तयार सर्व्हर म्हणजे एकच फाइल, आत एसक्यूलाइट डेटाबेस, लॉगिनची सोयही तयार. सुपाबेस आणि अ‍ॅपराइटही आपल्या मशीनवर बसवता येतात. मी मात्र सगळे भाग सुटे जोडले, कारण मला प्रत्येक सांधा तोडून बघायचा होता.

सुरुवातीच्या अडचणी लवकर संपतात. अँड्रॉइड एमुलेटरमधून, म्हणजे संगणकावरच्या नकली फोनमधून, आपल्या संगणकाकडे जायचं तर १०.०.२.२ हा पत्ता लागतो, खऱ्या फोनला एडीबी या अँड्रॉइडच्या साधनातल्या ‘रिव्हर्स’ आज्ञेने काम भागतं. अँड्रॉइड ९ पासून साधं, कूटीकरण नसलेलं एचटीटीपी मुळातच बंद असतं, आयफोनवर आयओएस ९ पासून तसाच अडसर आहे. त्यासाठी अपवाद लिहीत बसण्यापेक्षा चाचणीच्या सर्व्हरलाही खरं प्रमाणपत्र द्यावं, हे बरं.

खरी मेहनत पुढे आहे. तंत्रज्ञ तळघरात ‘जतन करा’ दाबतो. रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत जाते, पोस्टग्रेस ओळ लिहितो, कमिट होतं, म्हणजे ती कायम होते, सर्व्हर ‘झालं’ म्हणतो आणि नेमकी तेव्हाच रेंज जाते. सर्व्हरच्या मते काम फत्ते, फोनच्या मते काहीच झालं नाही. फोन पुन्हा पाठवतो आणि एकाच दुरुस्तीच्या दोन नोंदी होतात. बदललेला ब्रेक लायनर दोनदा मोजला जातो. देखभालीच्या इतिहासावर पुढचा माणूस विश्वास ठेवून काम करणार असतो, त्यामुळे हा प्रश्न मला अतिशय महत्त्वाचा वाटतो.

उपाय जुना आहे, पण तपशिलात नीट सांभाळावा लागतो. नोंदीची ओळख, म्हणजे यूयूआयडी, फोननेच तयार करायची, आणि तीही नोंद जन्माला येते त्या क्षणी. पाठवताना तयार केली तर प्रत्येक प्रयत्नाला नवी ओळख मिळते आणि सगळा उपाय फुकट जातो. सर्व्हरवर त्या ओळखीला युनिक बंधन असतं, म्हणजे तीच ओळख दुसऱ्यांदा चालत नाही, आणि ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ म्हटलं की पोस्टग्रेस दुसरी ओळ मुकाट्याने सोडून देतो. इथे एक खाच आहे. जोडीला, लिहिलेली ओळ परत मागणारं ‘रिटर्निंग’ असेल तर संघर्ष झाल्यावर ते काहीच परत देत नाही. म्हणून आधीची ओळ वेगळी वाचून फोनला पहिल्या वेळेसारखंच यशाचं उत्तर द्यावं लागतं. आणि ओळख तीच पण मजकूर वेगळा आला, तर मात्र ४०९, म्हणजे ‘संघर्ष’ सांगणारा त्रुटी-क्रमांक. तिथे गप्प राहणं धोक्याचं.

हे तपासायचं कसं? विमान मोड लावून बघणं पुरत नाही, कारण त्यात बहुतेक वेळा रिक्वेस्टच जात नाही. मला रिक्वेस्ट जाऊ द्यायची होती आणि फक्त उत्तर अडवायचं होतं. त्यासाठी टॉक्सीप्रॉक्सी हे फार उपयोगी साधन आहे. शॉपिफायने ते मुक्तस्रोत केलं आहे. फोन आणि सर्व्हर यांच्या मध्ये ते बसतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाइटांना हवा तसा त्रास देतं, तोही प्रत्येक दिशेला वेगळा. सर्व्हरकडून येणाऱ्या दिशेवर टाइमआउट लावला की आपली परिस्थिती हुबेहूब उभी राहते: ओळ लिहिली जाते, उत्तर वाटेत नाहीसं होतं. चाचणी मग तीन गोष्टी बघते. सर्व्हरवर ओळ एकच आहे का, फोनवर नोंद अजून ‘पाठवायची’ या रांगेत आहे का, आणि अडथळा काढल्यावर फोनने ती पुन्हा पाठवूनही ओळ एकच राहते का. ठरावीक बाइटांनंतर जोडणी तोडण्याचीही सोय आहे, ती मी फोटोंसाठी वापरते. फोटो अर्धा चढून तुटला तर पुढच्या वेळी तिथूनच सुरू व्हायला हवा. त्यासाठी टस हा खुला प्रोटोकॉल आहे.

याच वेळी अ‍ॅप बंद पडलं तर? इथे एक सावधगिरी हवी. एडीबीने फोर्स-स्टॉप केलं की अ‍ॅपची सगळी नियोजित कामं थांबतात आणि माणूस अ‍ॅप पुन्हा उघडेपर्यंत सुरू होत नाहीत. अँड्रॉइड मेमरीसाठी अ‍ॅप मारतो तेव्हा तसं होत नाही. ती स्थिती हवी असेल तर अ‍ॅप मागे ढकलून एडीबीची ‘एएम किल’ ही आज्ञा वापरावी. दोन्ही चाचण्या हव्यात, पण त्यांचे अपेक्षित निकाल वेगळे आहेत.

हरवलेलं उत्तर सगळ्यात जास्त छळतं ते लॉगिनमध्ये. पासवर्ड पुन्हा न विचारता लॉगिन चालू ठेवणारं रिफ्रेश टोकन प्रत्येक वापरानंतर बदलावं, असा आता रिवाज आहे. जुनं टोकन पुन्हा आलं तर चोरी समजून चालू टोकनही रद्द करायचं, हेही आलंच. जानेवारी २०२५ च्या आरएफसी ९७०० या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात हा मार्ग दिलेला आहे. पण नवं टोकन घेऊन निघालेलं उत्तरच तळघरात हरवलं, तर प्रामाणिक फोन जुनं टोकन घेऊन परत येतो आणि सर्व्हर त्याला चोर ठरवून बाहेर काढतो. आम्ही थोडी सवलत ठेवली आहे: बदल झाल्यावर थोड्याच वेळात जुनं टोकन आलं आणि नवं अजून कुणी वापरलेलं नसेल, तर सर्व्हर पुन्हा नवी जोडी देतो. सुरक्षा यामुळे किंचित सैल होते, हे मला मान्य आहे. हातात ग्रीसचा डबा असलेल्या माणसाला खड्ड्यात पासवर्ड विचारण्यापेक्षा मी ही किंमत मोजेन. आणि लॉगआउट झालं तरी न पाठवलेल्या नोंदींना हात लावायचा नाही, याची चाचणी प्रत्येक बिल्डला चालते.

नोटिफिकेशनच्या बाबतीत स्वतःच्या सर्व्हरची हद्द संपते. आयफोनला पार्श्वभूमीत जागं करायचं तर अ‍ॅपलच्या एपीएनएस या नोटिफिकेशन-सेवेतूनच जावं लागतं. म्हणून आमच्या नोटिफिकेशनमध्ये ‘काहीतरी नवं आहे’ एवढंच असतं. माहिती फोन आमच्याकडून घेतो, आणि नोटिफिकेशन आलं नाही तरी अ‍ॅप उघडताच विचारतो.

आता बॅकअप, आणि इथेच मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला. पोस्टग्रेसच्या वॉल फाइली, म्हणजे प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद, दूर साठवत राहिलं तर हव्या त्या क्षणापर्यंत परत जाता येतं. पण एक वॉल फाइल साधारणपणे १६ एमबीची असते आणि आमच्यासारख्या शांत सर्व्हरवर ती भरायला खूप वेळ लागतो. आर्काइव्ह टाइमआउट, म्हणजे फाइल भरली नसली तरी ठरावीक वेळाने पुढे पाठवणं, लावला नाही, तर अपघातात तेवढा सगळा काळ पुसला जाऊ शकतो. तो लावला तरी शेवटचा थोडासा तुकडा जाऊ शकतोच. आणि त्या तुकड्यातल्या नोंदींना सर्व्हरने आधीच ‘पोचली’ म्हणून सांगितलेलं असतं! फोनने त्या रांगेतून काढून टाकल्या असतील, तर त्या आता कुठेच नाहीत.

म्हणून आमचं अ‍ॅप पोचलेल्या नोंदीही काही दिवस जवळ ठेवतं. सर्व्हरकडे एक पिढी-क्रमांक आहे आणि तो प्रत्येक उत्तरासोबत जातो. बॅकअपवरून उभं केलं की आम्ही तो बदलतो. फोनला वेगळा क्रमांक दिसला की तो जवळच्या सगळ्या नोंदी पुन्हा पाठवतो. ओळख फोननेच दिलेली असल्यामुळे ज्या सर्व्हरवर आहेत त्या तशाच राहतात आणि हरवलेल्या परत येतात.

ही तालीम चाचणीच्या सर्व्हरवर स्क्रिप्टने होते. फोन नोंदी पाठवत असतानाच डेटाबेसचा कंटेनर डिस्कसकट काढून टाकायचा, वॉलमधून नवा उभा करायचा, पिढी बदलायची आणि फोनवरच्या ओळखींची यादी सर्व्हरवरच्या यादीशी ताडून बघायची. याद्या जुळल्या तरच ती आवृत्ती बाहेर जाते. सध्या ही तालीम फक्त अँड्रॉइडवर आपोआप चालते. आयफोनवर तिचा काही भाग अजून हाताने करावा लागतो आणि पुढचं काम तेच आहे.