अवे मॅचला जायचंय? आधी तारीख, मग तिकीट, मग गाडी

हिवाळ्यात शनिवारी रात्री साडेआठला तिकडे जळगाव-भुसावळला प्रीमियर लीगचे, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगचे, जे सामने मोबाइलवर लागतात, ते इकडे इंग्लंडमध्ये टीव्हीवर दिसत नाहीत. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचं थेट प्रक्षेपण करायचं नाही, असा इथला जुना नियम आहे. लोकांनी घरी न बसता आपापल्या गावच्या क्लबच्या मैदानावर जावं, हा त्यामागचा हेतू. तिकडचे साडेआठ म्हणजे इथले दुपारचे तीन, त्यामुळे तीनचा सामना पाहायचा तर मैदान गाठावंच लागतं.

खानदेशातून इकडे शिकायला, नोकरीला येणाऱ्यांनी एकदा तरी ‘अवे’ मॅचला, म्हणजे आपल्या टीमच्या मागे दुसऱ्यांच्या गावात जावं. मोठ्या क्लबांच्या घरच्या मैदानावर फोटो काढायला आलेले पाहुणे बरेच असतात. पाहुण्या प्रेक्षकांसाठी राखलेल्या अवे कोपऱ्यात मात्र दुसऱ्या गावच्या कुस्तीला आपल्या पैलवानामागे गाड्या भरून गेलेल्या पोरांसारखं वातावरण असतं. माणसं थोडी, पण प्रत्येकाचा घसा मोकळा.

गोंधळ होतो तो तारखेत. वेळापत्रक जूनमध्ये जाहीर होतं, पण त्यातल्या तारखा पक्क्या नसतात. टीव्हीवाले सामने निवडतात, तसा शनिवारचा सामना रविवारी किंवा सोमवारी रात्री सरकतो. टीम गुरुवारी युरोपातल्या स्पर्धेत खेळणार असेल, तर शनिवारचा सामना रविवारी जाणार हे धरूनच चाला. म्हणून त्या महिन्याची टीव्हीची निवड जाहीर होईपर्यंत रेल्वेचं तिकीट काढू नका. स्वस्त पडणारं ‘ॲडव्हान्स’ तिकीट त्याच गाडीला चालतं आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत. गाडी सुटण्याआधी ते बदलून घेता येतं, पण शुल्क आणि भाड्यातला फरक आपल्या खिशातून. सामना सरकला म्हणून रेल्वे भरपाई देत नाही.

सामन्याचं तिकीट स्वस्त आहे, मिळणं अवघड. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या प्रेक्षकांसाठी २०१६-१७ पासून जास्तीत जास्त ३० पौंडांची मर्यादा आहे. पण पाहुण्यांच्या जागा साधारण ३,००० असतात, लहान मैदानात एकूण जागांच्या १० टक्के. ही तिकिटं यजमान क्लब नाही, आपला क्लब विकतो, तीही मेंबरशिप असलेल्यांना आणि आधी केलेल्या अवे वाऱ्यांचे पॉइंट पाहून. नव्या माणसाकडे पॉइंट शून्य, त्यामुळे लिव्हरपूल किंवा आर्सेनलच्या बाबतीत त्याचा नंबर लागणं कठीण.

यातून दोन वाटा निघतात. एक म्हणजे एफए कप, ही लहान-मोठ्या क्लबांची हरला तो बाहेर अशी स्पर्धा. त्यात पाहुण्यांचा वाटा १५ टक्क्यांपर्यंत जातो आणि प्रीमियर लीगचे क्लब जानेवारीत तिसऱ्या फेरीपासून उतरतात, तेव्हा पॉइंटची अट बरीच खाली येते. दुसरी वाट आम्हाला जास्त आवडते: ज्या शहरात शिकता तिथलाच लीग वन किंवा लीग टूचा (तिसऱ्या-चौथ्या पातळीच्या लीगचा) क्लब धरा. तिथे पॉइंटची रांग फारशी नसते आणि दोन-चार सामन्यांत आजूबाजूचे लोक ओळखू लागतात.

ऑनलाइन ग्रुपवर कुणी अनोळखी तिकीट विकत असेल तर घेऊ नका. परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं इथे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तिकीट खोटं निघालं तर दारातून परत. यजमानांच्या बाजूचं तिकीट मिळतंय म्हणून आपला स्कार्फ घालून तिथे बसणं तर नकोच. आपला गोल झाल्यावर नुसते उठून ओरडलात तरी स्टुअर्ड, म्हणजे मैदानाची व्यवस्था पाहणारे कर्मचारी, बाहेर काढतात.

आता गाडी. तीनचा सामना मधली सुट्टी आणि वाढीव वेळ धरून पाचच्या सुमारास संपतो. कधीकधी पोलीस पाहुण्यांना थोडा वेळ आतच थांबवतात, पुढे स्टेशनपर्यंत गर्दीतून चालायचं. साडेसहाच्या आधीची परतीची गाडी धरली तर जीव टांगणीला लागतो. शनिवारी रात्री लांब पल्ल्याची शेवटची गाडी इतर दिवसांपेक्षा लवकर सुटते आणि रविवारी रुळांच्या कामामुळे बऱ्याचदा गाडीऐवजी बस मिळते. मधल्या वारी रात्री आठचा सामना असेल तर तो संपतो दहाला, तेव्हा परतीची गाडीच नसते. अशा वेळी क्लबची कोच बस बरी. त्या बसमध्ये दारू चालत नाही, १९८५ चा कायदा आहे. मैदान दिसेल अशा जागी दारू पिणंही त्याच कायद्याने बंद. पूर्णवेळ विद्यार्थ्याने १६-२५ रेलकार्ड काढावं, भाडं एक तृतीयांशाने कमी होतं. वय पंचविसाच्या वर असलं तरी पूर्णवेळ विद्यार्थ्याला ते मिळतं.

खाण्याचं नीट ऐका, कारण पाटी वाचून कळत नाही. बोव्हरिल नावाचं गरम पेय कपातून सगळे पितात, ते गोमांसाच्या अर्काचं. ‘पाय’ म्हणजे आत सारण भरून भाजलेला पदार्थ: स्टेक पायमध्ये गोमांस, बाल्टी पायमध्ये बहुधा चिकन. यॉर्कशायरमध्ये पुष्कळ दुकानांत बटाट्याच्या चिप्सही गाईच्या चरबीत तळतात, त्यामुळे विचारूनच घ्या. शाकाहारी असाल तर चीज-ओनियन पाय. घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतलीत तर गाडीतच संपवा. दारात बॅग तपासतात, बऱ्याच ठिकाणी ए-फोर कागदापेक्षा मोठी बॅग आत जात नाही, आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून घेतात. लांब छत्रीही अडवतात, तेव्हा टोपीचं जॅकेट घाला. मेमध्ये जळगावचं ऊन सोसलेल्या माणसालाही डिसेंबरात इथे सगळ्यात आधी पाय गारठतात, कारण दोन तास काँक्रीटवर उभं राहायचं असतं. लोकरीचा एकच जाड मोजा आणि जरा सैल बूट घाला. दोन मोजे कोंबले तर रक्त फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतात. तिकीट बहुधा फोनमध्येच असतं, म्हणून पॉवर बँक हवीच.

प्रत्येक मैदानाची तऱ्हा वेगळी. न्यूकॅसलला पाहुणे अगदी वरच्या मजल्यावर असतात, गुडघे दुखणाऱ्याने आधी विचार करावा. फुलहॅमला पटनी ब्रिज स्टेशनवरून थेम्स नदीकाठच्या बागेतून चालत जायचं, ही सगळ्यात सुंदर वाट. लूटनला पाहुण्यांचं दार चाळीसारख्या घरांच्या रांगेतून आत जातं.

गाणी पहिल्या अर्ध्यात ऐका, दुसऱ्या अर्ध्यात म्हणा. पण मँचेस्टर युनायटेडच्या टीमचा १९५८ चा म्युनिकचा विमान अपघात किंवा १९८९ ची हिल्सबरो मैदानातली चेंगराचेंगरी, ज्यात लिव्हरपूलचे ९७ चाहते गेले, यांवरून चिडवणाऱ्या घोषणांत कधीही सूर मिसळू नका. तो गुन्हा ठरू शकतो. मैदानात उतरणंही गुन्हाच. सामन्यांना जाण्यावरच्या बंदीचा आदेश किमान तीन वर्षांचा असतो, आणि व्हिसावर राहणाऱ्याला गुन्ह्याची नोंद फार महागात पडते. तुमच्या रंगावरून कुणी बोललं तर गप्प बसू नका. वेळ आणि सीट नंबर टिपून लगेच स्टुअर्डला सांगा. रेल्वेत असं घडलं तर ६१०१६ वर मेसेज करा, तो रेल्वे पोलिसांकडे जातो.

शिट्टी वाजली की लगेच निघू नका. खेळाडू, हरलेले असले तरी, टाळ्या वाजवत अवे कोपऱ्याकडे येतात आणि बरेचदा कुणा पोराला जर्सी देऊन जातात. मग स्टेशनची वाट धरा. यजमानांच्या गर्दीतून जायचं असेल तर स्कार्फ जॅकेटच्या आत. परतीची गाडी उशिरा आली तर तिकिटाचा फोटो जपून ठेवा: उशिराच्या भरपाईचा अर्ज २८ दिवसांच्या आत करावा लागतो.