कोल्हापुरात उतरल्यावर आधी मिसळ

पुण्यात नोकरीसाठी येऊन मला 18 वर्षे झाली, तरी गावाकडे जायचे ठरले की पहिला प्रश्न कोणाला भेटायचे हा नसून कुठे खायचे हाच असतो. या डिसेंबरात चार दिवसांची सुट्टी मिळाली आणि बऱ्याच दिवसांनी पत्नी व दहा वर्षांच्या मुलीसह निवांत कोल्हापूरला जाता आले. पहाटे पाचला निघालो. पुणे ते कोल्हापूर हे अंतर सुमारे 230 किलोमीटर असून सातारा आणि कराड मागे टाकल्यावर दोन्ही बाजूंना उसाचे फड दिसू लागतात. शिरोलीच्या पुलावरून पंचगंगा ओलांडली आणि तावडे हॉटेलचा चौक आला की मला घरी पोहोचल्यासारखे वाटते. वाटेत नाश्त्यासाठी कुठेही थांबायचे नाही, हा आमच्या घरातला जुना दंडक आहे. मुलगी कराडपासून भुकेची तक्रार करत होती, तरीही मी तो मोडला नाही.

गाडी थेट शिवाजी उद्यमनगरात घातली. फडतरे मिसळ या भागात आहे, आणि ती इथेच का आहे हे आजूबाजूला नजर टाकली की समजते. लेथ मशीनचा आवाज, लोखंडाच्या किसाचा वास, ओतकामाचे आणि सुट्या भागांचे लहान-मोठे कारखाने असा हा परिसर आहे. सकाळी कामावर येणाऱ्या माणसाला दुपारपर्यंत पोट धरून राहील असे काहीतरी लागते, आणि मिसळ ती गरज उत्तम भागवते. माझे वडील याच भागातील एका कारखान्यात फिटर होते. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ते मला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून इथे आणत असत. आता दारात परगावच्या गाड्यांची रांग लागते आणि नंबर येईपर्यंत बाहेर उभे राहावे लागते. पण आत बसल्यावर समोर येणारी ताटली मला तीच वाटते.

ती ताटली जवळून पाहण्यासारखी असते. तळाशी मोड आलेल्या मटकीची उसळ, तिच्यावर शेव-चिवडा, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. त्यावर कट ओतला की चिवडा क्षणभर तरंगतो आणि मग हळूहळू खाली बसतो. तो पूर्ण भिजायच्या आत पहिला घास घ्यायचा, कारण अर्धा मऊ आणि अर्धा कुरकुरीत अशा त्या अवस्थेतच मिसळीची खरी गंमत आहे. सोबत पाव नसतो, ब्रेडचे जाड स्लाइस असतात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना याचे नवल वाटते, परंतु कट शोषून घ्यायला स्लाइसइतके सोयीचे दुसरे काही नाही. कटावर लाल तर्री दिसते म्हणून नवखा माणूस घाबरतो, मात्र जिभेला आधी भाजलेल्या खोबऱ्याची आणि कांद्या-लसणाची गोडसर चव लागते आणि तिखटपणा त्यामागून येतो. मुलीने भीत भीत एक घास खाल्ला, नाक पुसले आणि दुसरा स्लाइस मागितला. वाढणाऱ्या मामांनी तिच्याकडे पाहून विचारले, "बाळ, आणखी कट घालू का?" तिने मान हलवून होकार दिला, तेव्हा माझा प्रवासाचा सगळा शीण गेला.

याच ठिकाणी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. महाराष्ट्राबाहेरच्या आणि आता महाराष्ट्रातल्याही अनेक हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर "व्हेज कोल्हापुरी" नावाची लालभडक भाजी असते. कोल्हापुरातल्या कोणत्याही घरात या नावाची भाजी होत नाही. नुसती मिरची म्हणजे कोल्हापूर, हा समज मला अतिशय बोचतो. आमच्याकडे ज्याला चटणी म्हणतात ते कांदा-लसणाचे तिखट उन्हाळ्यात वर्षभरासाठी करून ठेवतात. त्यासाठी रंगाची ब्याडगी आणि झणझणीत संकेश्वरी अशा वेगवेगळ्या मिरच्या ठरावीक प्रमाणात घेतात, धणे, तीळ, खोबरे आणि गरम मसाले वेगवेगळे भाजतात, कांदा-लसूण तेलात परततात आणि मग सगळे डंकावर कुटून आणतात. या खटाटोपात मिरचीइतकेच महत्त्व भाजणीला असते. काही वर्षांपूर्वी महामार्गावरील एका हॉटेलात "अस्सल कोल्हापुरी" अशी पाटी वाचून आम्ही जेवायला बसलो होतो. तिथल्या रश्श्यात रंग होता, तेल होते आणि घसा जाळणारा तिखटपणा होता, पण मटणाचा अर्क नावालाही नव्हता. मला त्या दिवशी खरोखर वाईट वाटले, कारण शेजारच्या टेबलावरील परप्रांतीय कुटुंब तेच कोल्हापूरचे जेवण समजून उठून गेले.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी दुपारी मी सगळ्यांना लक्ष्मीपुरीतील पद्मा गेस्ट हाऊसमध्ये मटणाच्या ताटासाठी नेले. या जेवणाचा पाया अळणी पाण्यात असतो. अळणी म्हणजे बिनमिठाचे नव्हे, तर तिखट-मसाला न घातलेले. आले, लसूण आणि मीठ लावून मटण शिजवले की जे पाणी उरते, त्यातूनच पुढे तांबडा आणि पांढरा असे दोन्ही रस्से तयार होतात. तांबड्यात ती चटणी आणि भाजलेले वाटण पडते. पांढऱ्यात खसखस, तीळ आणि काजू यांचे वाटण आणि नारळाचे दूध घालतात, लवंग, दालचिनी, मिरी अशा खड्या मसाल्यांची फोडणी देतात, आणि लाल तिखट त्याच्या आसपासही फिरकू देत नाहीत. नारळाचे दूध घातल्यावर रस्सा खळखळून उकळला तर तो फाटतो, म्हणून मंद आचेवर त्याला सतत ढवळत बसावे लागते. माझ्या आजीने पांढरा रस्सा चुलीवर असताना कधी कोणाशी गप्पा मारल्या नाहीत.

जिथे मिरचीचे नाव नाही असा हा पांढरा रस्साच कोल्हापूरच्या स्वयंपाकाची खरी परीक्षा आहे, असे माझे ठाम मत आहे. तांबड्यात एखादी उणीव मसाल्याखाली झाकता येते, पांढऱ्यात ती लगेच उघडी पडते. मी वाटी तोंडाला लावून पहिला घोट घेतला. आधी नारळाचा सौम्य गोडवा, मग मटणाचा दाट अर्क आणि शेवटी घशाशी मिऱ्याची ऊब, अशा क्रमाने तो पोटात उतरला. रस्सा मागून घ्यायला इथे कोणी संकोचत नाही. वाढणारा स्वतःच वाटी रिकामी झालेली पाहून "घ्या की अजून" म्हणत पुढे येतो. पत्नी मूळची विदर्भातली असल्याने तिची माझ्याशी मटणाच्या रश्श्यावरून जुनी वादावादी आहे. तिने त्या दिवशी पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी घेतली आणि वादाचा विषय काढला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कसबा बावड्याची मिसळ खाल्ली. शाहू महाराजांचा जन्म 1874 मध्ये बावड्याच्याच लक्ष्मी विलास राजवाड्यात झाला, त्यामुळे मुलीला आधी तो परिसर दाखवला. फडतरे बरी की बावडा बरी, यावर आमच्या चुलत भावंडांत दर दिवाळीला चर्चा होते. मी लहानपणीच्या सवयीमुळे उद्यमनगराच्या बाजूचा आहे. संध्याकाळी खासबागेत राजाभाऊंची भेळ खाल्ली. शेजारी 1912 मध्ये सुरू झालेले कुस्तीचे मैदान आहे. नंतर सोळंकींचे कॉकटेल आइस्क्रीम झाले, ज्यात मुलीने मला दोनच चमचे दिले.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलो. याला हॉटेल म्हणता येणार नाही, पण कोल्हापुरात परतल्यावर पुन्हा पुन्हा जावे अशा ठिकाणांत मी त्याला फार वरचे स्थान देतो. रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या असतात आणि गवळी तिथेच धार काढून ग्लास भरून देतो. तालमीतून आलेली पोरे, कामावरून परतणारी माणसे आणि नातवाला घेऊन आलेले आजोबा एकाच ठिकाणी उभे राहून ते धारोष्ण दूध पितात. शिंगे रंगवलेली एक धिप्पाड म्हैस मान वळवून मुलीकडे पाहत होती. मुलीला दूध पिशवीतून येते एवढेच ठाऊक होते. पातेल्यात पडणाऱ्या धारेचा आवाज सुरुवातीला टणक होता, मग फेस वाढत गेला तसा तो मऊ झाला, आणि ती हे सगळे एकही प्रश्न न विचारता ऐकत राहिली. ग्लास हातात आल्यावर तिने विचारले, "बाबा, हे गरम का आहे? आपण तर तापवलंच नाही." गवळीदादा हसले आणि त्यांनी तिचा हात धरून म्हशीच्या पोटावर ठेवला.

तिने ग्लास संपवला. ओठांवर फेसाची पांढरी मिशी तशीच ठेवून ती गाडीत बसली. डिकीत आईने दिलेला चटणीचा डबा होता, आणि शिरोलीचा पूल येईपर्यंत गाडीभर त्याचा वास पसरला होता.