पुढचा भाग वाचावा की पहिल्यावरच थांबावे?

एखाद्या फँटसी मालिकेचा पहिला भाग मनापासून आवडलेले वाचक मला नेहमी एक प्रश्न विचारतात : दुसऱ्या भागाविषयी काही जण भरभरून बोलतात आणि काही जण निराश झाल्याचे सांगतात, मग तो वाचायचा की नाही? तुम्हीही तेच विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझे उत्तर बहुतेक वेळा 'वाचा' असेच असते. मतभेद आहेत हे ऐकून तर माझी उत्सुकता वाढते, कारण वाचकांना हवे तेच पुन्हा देणाऱ्या पुस्तकावरून सहसा कोणी इतक्या तावातावाने भांडत नाही.

उर्सुला ले ग्विन यांच्या 'अर्थसी' मालिकेची पहिली तीन पुस्तके १९६८ ते १९७२ या काळात आली. तिसऱ्याच्या शेवटी गेड हा थोर जादूगार आपली सारी शक्ती पणाला लावून जग वाचवतो. पुढे १९९० मध्ये चौथे पुस्तक, 'तेहानू', आले आणि त्यात वाचकांना भेटला तो शक्ती गमावलेला, लोकांना तोंड दाखवायला लाजणारा, डोंगरावर शेळ्या राखणारा गेड. शिवाय कथा मुळात त्याची राहिलेलीच नाही. ती आहे टेनारची, जी दुसऱ्या पुस्तकात कोवळ्या वयाची पुजारीण होती आणि आता एका शेतकऱ्याची मध्यमवयीन विधवा आहे, आणि तिने पदरात घेतलेल्या, आगीत होरपळलेल्या एका मुलीची. समुद्रावरच्या साहसांची जागा इथे घरकाम, शेती आणि पुरुषांच्या जगात एकटीने राहण्याची भीती यांनी घेतली आहे. या पुस्तकाला विज्ञानकथा आणि फँटसीसाठी दिला जाणारा नेब्युला पुरस्कार मिळाला, पण लेखिकेने आपल्याच हाताने आपले जग मोडले असेही अनेक वाचकांना वाटले. लहानपणी गेडबरोबर नावेतून हिंडलेल्या वाचकाचे दुःख मला खरोखर समजते. तरीही मालिकेतले सर्वांत धाडसी पुस्तक मी यालाच मानते, कारण शक्ती गेल्यावर माणसाकडे काय उरते हा प्रश्न आधीच्या शेवटातच दडलेला होता आणि तो न विचारता पुढे जाणे लेखिकेला फार सोपे होते.

दोन भागांच्या मधल्या काळात वाचक स्वस्थ बसलेला नसतो. कोण कोणाला भेटेल, कोणते रहस्य कधी उलगडेल, याची एक पूर्ण कथा त्याने मनात रचलेली असते, आणि नव्या पुस्तकाची तुलना पहिल्या भागाशी होण्याआधी तिच्याशी होते. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या फँटसी मालिकेतले 'अ फीस्ट फॉर क्रोज' २००५ मध्ये, म्हणजे आधीच्या भागानंतर पाच वर्षांनी आले, तेव्हा हेच घडले. कथानक फार वाढल्यामुळे लेखकाने ते पात्रांनुसार आणि प्रदेशांनुसार दोन पुस्तकांत विभागले होते. त्यामुळे टिरियन, जॉन स्नो आणि डेनेरिस या मालिकेतल्या प्रमुख पात्रांची प्रकरणे या भागात नव्हती आणि त्यांच्यासाठी वाचकांना २०११ पर्यंत थांबावे लागले. इथली नाराजी मला अधिक रास्त वाटते, कारण पुस्तकाची मांडणी लेखनाच्या अडचणीतून ठरली होती. पण दोन्ही भाग हाताशी असताना वाचणाऱ्याला ती उणीव तितकी जाणवत नाही आणि युद्धाने उजाड झालेल्या मुलखाचे त्यातले चित्रण त्याच्यापर्यंत नीट पोहोचते.

सगळेच पुढचे भाग असे समर्थनीय असतात असे मी म्हणणार नाही. नायकाला सोडवण्यासाठी जादूचे नियम ऐन वेळी बदलणे, किंवा मेलेल्या पात्राला काहीही किंमत न मोजता परत आणणे, हे मला मान्य नाही. म्हणून पुस्तक आवडले की नाही, यापेक्षा का आवडले नाही, हे लोकांना विचारा. 'आमचा नायक असा वागलाच नसता' असे उत्तर आले तर पुस्तक अवश्य घ्या. 'कशालाच काही परिणाम उरला नाही' असे आले तर पहिल्या भागावर थांबलात तरी चालेल.